गळ्यापासून विणलेला स्वेटर

दौलताबादच्या परिसरात विणणे म्हटले की आधी माग आठवतो, कारण मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी येथे हलवली तेव्हा आलेल्या कारागिरांशी परंपरा ज्याचा संबंध जोडते, तो रेशीम-सुताचा हिमरू शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात आजही विणला जातो. मात्र मागावरचे कापड बेतून शिवावे लागते, तर गळ्यापासून खाली गोल विणलेल्या रॅग्लन स्वेटरला कात्री लागतच नाही. रॅग्लन म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी उतरणारी बाहीची रेघ, जिला वॉटर्लूच्या लढाईत (1815) उजवा हात गमावलेल्या लॉर्ड रॅग्लनचे नाव मिळाले. अशा चार रेघांच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका, म्हणजे एका फेरीआड आठ टाके, वाढवत गेले की खांद्यांचा आकार हाताखाली उमलत जातो, आणि हे पाहण्यातला आनंद खरोखर मोठा आहे; काखेशी बाह्यांचे टाके वेगळ्या धाग्यावर ओवून ठेवले की अंग पुढे विणता येते. नवशिक्याने जपावे ते पहिल्या फेरीला, कारण गोल सुईवर घातलेल्या टाक्यांना तेथे पीळ राहिला तर सारे उसवावेच लागते. पुढे केवळ सुलट टाक्यांनी काम भागते, आणि दौलताबादच्या थंडीला किती लांबी पुरेल, हे विणता विणता अंगावर घालून ठरवता येते.