आमचे पद

उर्दूतल्या 'हम'ची सवय असल्याने मराठी बोलतानाही आमच्या तोंडून 'आम्ही'च निघते. वाचकांनी त्यात मोठेपणा शोधू नये. दारव्हा तालुक्यातल्या एका उर्दू शाळेतले आम्ही साधे शिक्षक. बी.एड. झालेले, तिशी ओलांडलेले, आणि घसा खडूच्या धुळीने खरखरलेला.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीआधी यवतमाळहून फोन आला. तिथली एक हौशी नाट्यमंडळी 'कट्यार काळजात घुसली' बसवणार होती. एका प्रशिक्षणाच्या शिबिरात आम्ही गायलेली गझल त्यांच्यापैकी कुणीतरी ऐकली होती. "सर, खाँसाहेबांच्या भूमिकेसाठी चाचणी द्या. तीन मिनिटांचे एक पद गा. हिंदीच गा म्हणजे झाले. तुमचे उच्चार काय, घरचेच!"

फोन ठेवल्यावर आनंद झाला आणि मनाला थोडे टोचलेही. खाँसाहेबांसाठी आमचे नाव आधी आठवले, आवाज नंतर. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते. पण उर्दू शाळेतल्या माणसाने हिंदीच गावे, मराठी दुसऱ्यांनी गावी, ही वाटणी त्यांनी न विचारता करून टाकली होती.

'कट्यार' 1967 साली रंगभूमीवर आले. लेखक नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकींचे. खाँसाहेब आफताब हुसेन साकारले वसंतराव देशपांड्यांनी, आणि त्यांचा जन्म मूर्तिजापूरचा. आमच्या दारव्ह्यावरून जाणारी शकुंतला रेल्वे त्याच मूर्तिजापूरला पोहोचायची. आता ती गाडी बंद आहे. गंमत अशी की मराठी संगीत नाटकाची सुरुवातही 'शाकुंतला'नेच झाली, 1880 साली पुण्यात. पारशी कंपनीचे संगीत नाटक पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांना ते सुचले असे सांगतात. त्या पारशी रंगभूमीची भाषा बहुतांशी उर्दू, आणि तिच्या मागे लखनौच्या अमानतची 'इंदरसभा' उभी.

हे सगळे ठाऊक असूनही पहिले आठ दिवस आम्ही सांगितले तेच केले. नाटकातले खाँसाहेबांचे रागमालेचे हिंदी पद घोटू लागलो. एका रागातून दुसऱ्यात जाताना दमछाक व्हायची. आमचा आवाज काळी एकमध्ये बसतो, तार षड्जाच्या वर फाटतो. शिवाय प्रत्येक हरकतीला वसंतराव समोर उभे! ऐकणारा आमचे गाणे ऐकणारच नव्हता, त्यांची आठवण काढणार होता.

घरी निराळाच प्रश्न. अब्बा जिनिंगमधून निवृत्त झालेले. त्यांनी एकदाच विचारले, "मास्टर हो गए, अब नौटंकी करोगे?" अम्मी म्हणाली, मोहल्ल्यात लोक काय म्हणतील. आम्ही उत्तर दिले नाही. गाण्याविषयी आपल्याकडे मतभेद आहेत, ते एका संध्याकाळी मिटणारे नव्हेत. पण सकाळी शाळेत इकबालची दुआ दोनशे मुले सुरात म्हणतात, तेव्हा सुराशी आपले वैर आहे असेही आम्हाला कधी वाटले नाही.

वाट सापडली ती सहावीच्या वर्गात. मुले वहीत उतरवून घेत होती आणि आम्ही नकळत गुणगुणत होतो. 'मानापमान'मधले धैर्यधराचे पद. पहिल्या बाकावरच्या मुलाने मान वर केली, "सर, ये कौनसी गज़ल है?"

आम्ही हसलो आणि मग थांबलो. मुलाने शब्द पकडले नव्हते, चाल पकडली होती. 'मानापमान' 1911चे, नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी, गझल, कजरीचे वळण मराठी पदांना दिले. पुढे 1916च्या 'स्वयंवर'ला संगीत दिले भास्करबुवा बखल्यांनी, आणि ते अल्लादिया खाँसाहेबांचे शागीर्द. गंधर्व मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष. म्हणजे मराठी नाट्यपद ज्या वाड्यात राहते, त्याच्या भिंती आपल्या बुजुर्गांनीही रचल्या आहेत. मग आम्ही पाहुण्यासारखे ओसरीवर का बसावे?

बी.एड.ला पाठटाचण काढताना एक सूत्र शिकवतात : ज्ञाताकडून अज्ञाताकडे. मुलाला जे येते तिथून सुरुवात करावी. पदाची निवडही तशीच करावी, हे तेव्हा उमगले. भूमिकेला काय शोभेल हे नंतर बघू, आधी आपल्या गळ्यात काय मुरले आहे ते पाहावे. पट्टी आपली असावी. मुखडा आणि एक अंतरा तीन मिनिटांत पुरा व्हावा. शब्द स्वच्छ ऐकू यावेत. आणि ज्या नाटकाची चाचणी, त्यातले पद टाळावे, नाहीतर तुलना पाठ सोडत नाही.

आमच्या गळ्यात काय मुरले होते? लहानपणी आम्ही अब्बांचा डबा जिनिंगवर पोहोचवायचो. परतीच्या वाटेवर एका मराठी गुरुजींचे घर होते. खिडकीत रेडिओ, आणि त्यावर कधी कधी नाट्यसंगीत. आम्ही कडुनिंबाखाली रिकामा डबा धरून उभे राहायचो. एकदा गुरुजींनी पाहिले. हाकलले नाही, आत या असेही म्हणाले नाहीत. उठले आणि रेडिओचा आवाज वाढवून पुन्हा आरामखुर्चीत बसले. धैर्यधराचे पद आमच्याकडे आले ते तिथून. गरीब म्हणून हिणवला गेलेला तो शूर शिपाई आम्हाला त्या वयातही जवळचा वाटे.

चाचणीच्या दिवशी यवतमाळला आम्ही तेच गायलो. 'ळ' आणि 'ण' रात्रभर घासून ठेवले होते. पहिल्या ओळीला पेटीवाल्याने चमकून पाहिले, त्याने हिंदी पदाची तयारी ठेवली होती. अंतऱ्यात आवाज किंचित थरथरला, समेवर मात्र नीट आलो.

दिग्दर्शक जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कुणाकडे शिकलात?"

"खिडकीबाहेर," आम्ही म्हणालो आणि कडुनिंबाची हकीकत सांगितली.

ते पेन्सिल कानावर ठेवून विचार करत राहिले. शेवटी म्हणाले, "खाँसाहेब दुसरे बघतो. तुम्ही सदाशिव कराल? वय मेकअपने उतरवू."

वाचकांना आठवत असेल, सदाशिव म्हणजे खाँसाहेबांच्या हवेलीत नोकर बनून, लपून त्यांची विद्या ऐकणारा पंडितजींचा शिष्य. आम्हाला हसू आले आणि डोळेही भरले. नावावरून बोलावले होते, गाण्यावरून घेतले.

घरी सांगितले तेव्हा अब्बा बराच वेळ सुपारी कातरत होते. मग खाली बघतच म्हणाले, "वो मास्तर की खिड़की के नीचे खड़ा रहता था ना तू? खाली डब्बा लेके. जिनिंग के फाटक से दिखता था."

इतकी वर्षे त्यांनी हे कधी बोलून दाखवले नव्हते. कधी रोखलेही नव्हते.

"तालीम रात की है?" त्यांनी विचारले.

"हो."

"वापसी की आखरी बस कितने बजे की है, वो पूछ के रख."