गॉल फेसचा व्हरांडा

गेल्या फेब्रुवारीत कोलंबोच्या गॉल फेस हॉटेलात तीन रात्री राहण्याचा योग आला. महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या बडोद्याच्या एका बाईला अशा ठिकाणी उतरणे परवडते, असा समज वाचकांनी करून घेऊ नये. माझा भाचा नोकरीनिमित्त कोलंबोत असतो. त्याच्या हट्टाने आणि त्याच्याच खर्चाने हे घडले. मात्र मी गेले ती केवळ हौस म्हणून नव्हे. दांडिया बाजारातील आमचा वाडा एका व्यावसायिकाला दीर्घ मुदतीने देऊन तिथे ‘हेरिटेज हॉटेल’ करावे, असा प्रस्ताव वर्षभर घरात फिरतो आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींनाही मुलांइतकाच हक्क आहे हे २००५ सालच्या कायद्याने मान्य केले, त्यामुळे लागणाऱ्या अकरा सह्यांपैकी एक माझी. दहा झाल्या आहेत. थोरल्या चुलतभावाचा, आमच्या दादाचा, दर रविवारी फोन येतो : “ताई, तुझं काय ठरलं?” जुनी वास्तू पाहुण्यांसाठी मांडली जाते तेव्हा तिचे नेमके काय होते, हे एकदा आत राहून पाहावे असे मनात होते.

तुलना तशी बरोबरीची नाही, हे आधीच सांगते. आमचा वाडा चार चुलींचे घर होता. गॉल फेस जन्मापासून हॉटेलच आहे. ते सुरू झाले १८६४ साली. त्या वेळी सिलोनचे वैभव कॉफीवर होते. पुढे १८६९ पासून कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला आणि पंधरा-वीस वर्षांत मळेच्या मळे उजाड झाले. चहाने त्यांची जागा घेतली. चहाची पहिली मोठी लागवड जेम्स टेलर या स्कॉटिश मळेवाल्याने १८६७ साली लूलेकोंडेरा येथे केली होती. सुवेझचा कालवा १८६९ मध्ये उघडला, कोलंबोच्या बंदराला १८८५ मध्ये धक्क्याची भिंत पुरी झाली आणि पूर्वेकडे जाणारी सारी जहाजे तिथे थांबू लागली. आज दिसते ती भव्य इमारत १८९४ च्या सुमाराची. म्हणजे पाया कॉफीच्या काळातला आणि मजले चहाच्या काळातले, असे म्हणायला हरकत नाही.

खोलीविषयी फार लिहीत नाही. उंच छत, लाकडी जमीन, पांढरीशुभ्र चादर, खिडकीबाहेर हिंदी महासागर. उत्तरेकडची बाजू २०१३ ते २०१५ या काळात नूतनीकरणाने नवी-जुनी झाली आहे; नवी-जुनी हाच त्याला योग्य शब्द. या हॉटेलचा प्राण खोल्यांत नाहीच. तो समुद्राकडच्या व्हरांड्यात आहे. बुद्धिबळाच्या पटासारखी काळ्या-पांढऱ्या चौकोनांची फरशी, वेताच्या खुर्च्या, पलीकडे हिरवळ, नारळ आणि थेट दगडी बांधावर फुटणाऱ्या लाटा. सकाळी तिथे कावळ्यांची झुंबड असते आणि त्यांना हाकलण्यासाठी एक माणूस उभा असतो. पितृपक्षात ज्याची विनवणी करतो त्यालाच हाकलायला पगारी नोकर, हे पाहून मला हसू आले.

न्याहारीसाठी मी रोज लवकर जाऊन बसत असे, कारण आप्प करणारा समोरच असे. तांदळाचे आंबवलेले पीठ आणि नारळाचे दूध छोट्या खोलगट कढईत घालून, कढई हातानेच गोल फिरवून, झाकण ठेवायचे. कडेला कुरकुरीत जाळी, मध्ये मऊ गादी. आपल्या आंबोळीची ही नाजूक बहीण. सोबत ‘पोल संबोल’ : खवलेला नारळ, लाल मिरची, कांदा, लिंबू आणि मालदीवच्या सुक्या माशाचा चुरा. (शाकाहाऱ्यांनी मुद्दाम विचारून घ्यावे, नारळाच्या चटणीत मासा असेल अशी शंकाही येत नाही.) शुभदिनी करतात तो नारळाच्या दुधात शिजवून वड्या पाडलेला भात म्हणजे ‘किरीबत’. क्षीर आणि भात! त्याबरोबरच्या तिखट चटणीचे नाव ‘लुणू मिरिस’. लुणू म्हणजे लवण, मिरिसमध्ये मिरे तर दिसतेच. स्वागताला हात जोडून ‘आयुबोवन’ म्हणतात, त्यातले आयुष्यही ओळखू येते. सिंहली ही आपल्याच भाषाकुळातली, हे वर्गात मी अनेक वर्षे शिकवले होते, पण ते खरे पटले ताटाशी बसल्यावर.

दुपारी माशाचा एक काळसर, सुका, आंबट प्रकार खाल्ला. नाव ‘अंबुल थियाल’. अंबुल म्हणजे आंबट. आंबटपणा येतो ‘गोरका’ नावाच्या वाळवलेल्या फळाने. ते आपल्या कोकमाच्याच प्रजातीतले झाड. त्यामुळे मासा दोन-चार दिवस टिकतो. गोव्यातील वाचकांना आणखी एक गंमत सांगते. मिष्टान्नांत दोदोल होता, नाताळात गोव्यात होतो तोच, नारळाचे दूध आणि गूळ घोटून केलेला. आणि ‘बिबिक्कन’ नावाचा नारळाचा केकही होता, ज्याचे नाव ऐकून बिबिंक आठवल्यावाचून राहत नाही. पोर्तुगीज १५०५ मध्ये या बेटावर आले आणि १६५६ मध्ये डचांनी त्यांच्याकडून कोलंबो घेतले. त्या दीड शतकात इथला कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता. राज्ये गेली, किल्ले पडले, पक्वान्ने मात्र कोणी परत नेली नाहीत.

दुपारच्या चहाला जो वाढपी येई तो हॅटनच्या बाजूच्या मळेवाल्या तमिळांपैकी होता. वय पस्तिशीचे. मी बडोद्याची, पण मराठी, हे कळल्यावर त्याने विचारले, “म्हणजे तुम्ही मूळच्या कुठल्या?” हा प्रश्न आपल्यापैकी कोणाला नवा नाही. मी सवयीने साताऱ्याकडच्या एका गावाचे नाव सांगितले, जिथे माझ्या पणजोबांनंतर कोणी राहिले नाही आणि जे मी आयुष्यात दोनदा पाहिले. मग त्यालाही तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, “आजोबा तिरुच्चीकडचे म्हणत. गावाचं नाव त्यांनाही माहीत नव्हतं.”

पुढचे त्याने सांगितले नाही, पण इतिहास सांगतो. मळ्यांवर राबायला इंग्रजांनी दक्षिण हिंदुस्थानातून माणसे नेली. देश ४ फेब्रुवारी १९४८ ला स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्वाच्या कायद्याने त्यांतील बहुतेक कोणत्याच देशाचे उरले नाहीत. १९६४ साली शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्या करारात त्यांची वाटणी झाली : सव्वापाच लाख भारताकडे, तीन लाख सिलोनकडे, उरलेल्यांचा विचार पुढे. त्यातल्या शेवटच्या माणसांना नागरिकत्व मिळायला २००३ साल उजाडले. आपले पूर्वज परमुलखात गेले ते फौजेबरोबर, सनदा-वतने घेऊन किंवा निदान लेखणी घेऊन. त्याचे गेले ते कर्जाचा बोजा घेऊन. दोघेही ‘मूळचे कुठले’ या प्रश्नाचे धनी, पण बरोबरीचे नव्हेत. संमेलनांत आपण विस्थापनाचे दुःख गातो तेव्हा एवढा विवेक ठेवावा, असे मला वाटते.

हॉटेलात प्रसिद्ध पाहुण्यांची नावे मांडून ठेवली आहेत. राजेरजवाडे, नट-नट्या, लेखक. आर्थर क्लार्क यांनी ‘३००१’ या कादंबरीची अखेरची प्रकरणे इथेच लिहिली. प्रिन्स फिलिप नौदलात असताना वापरत ती जुनी मोटारही जपून ठेवलेली आहे. हे सगळे मी यथासांग पाहिले आणि माझे मन त्यात रमले नाही. रमले ते एका द्वारपालाच्या कहाणीत. कोट्टरपट्टू चट्टू कुट्टन हे त्यांचे नाव. केरळातून १९३८ मध्ये अठराव्या वर्षी हा मुलगा सिलोनला आला. ज्या वर्षी जपानी विमानांनी कोलंबोवर बाँब टाकले त्या वर्षी, १९४२ मध्ये, तो या हॉटेलात नोकरीला लागला. सामान उचलणारा, मग वाढपी, मग पांढरा गणवेष आणि झुपकेदार पांढऱ्या मिशांचा द्वारपाल. २०१४ मध्ये चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले तोवर ते कामावर होते. बहात्तर वर्षे! ते आले त्याच सुमारास बेटावर हिंदी कामगारांविरुद्ध वातावरण तापले होते. १९३९ साली सरकारी खात्यांतील रोजंदारीच्या हिंदी मजुरांना काढण्याचा निर्णय झाला तेव्हा रदबदलीसाठी काँग्रेसने पंडित नेहरूंना कोलंबोला पाठवले होते. पुष्कळ मल्याळी माणसे परतली. कुट्टन राहिले. साम्राज्य गेले, सिलोनची श्रीलंका झाली, यादवी युद्ध पेटले आणि २००९ मध्ये संपले. दार उघडणारा हात तोच होता. त्यांच्या निधनाची बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापली. पाहुणे आले आणि गेले. हॉटेल जुने झाले ते अशा माणसांच्या अंगावर.

सूर्यास्ताला ध्वज उतरवण्याचा विधी होतो. स्कॉटिश घागरा नेसलेला एक स्थानिक मनुष्य बॅगपाइप वाजवत येतो, पाहुणे उभे राहतात, छायाचित्रे काढतात. राज्य करणारे गेले, वाद्य राहिले. मला तो प्रकार किंचित हास्यास्पद वाटला आणि तरीही दुसऱ्या दिवशी मी वेळेवर जाऊन उभी राहिले.

विधी संपला की मी फाटकाबाहेर मैदानावर जाई. गॉल फेसचे हे हिरवे मैदान कोणाची खासगी मालमत्ता नाही. डचांनी तोफांच्या माऱ्यासाठी ते मोकळे ठेवले होते. गव्हर्नर सर हेन्री वॉर्ड यांनी तिथला समुद्रकाठचा रस्ता १८५९ मध्ये पुरा केला आणि कोलंबोच्या बायका-मुलांसाठी तो पुढच्या गव्हर्नरांनी जपावा, अशी शिफारस दगडावर कोरून ठेवली. संध्याकाळी अर्धे शहर तिथे असते. पतंग, चेंडू, छत्रीआड बसलेली जोडपी आणि ‘इस्सो वडे’ : डाळीच्या चपट्या वड्यावर अख्ख्या कोळंब्या चिकटवून तळलेल्या. व्हरांड्यातल्या जेवणाहून ते मला अधिक रुचले, हे भाच्याला सांगितले नाही. याच मैदानावर १४ जानेवारी २०१५ ला पोप फ्रान्सिस यांनी जोसेफ वाझ यांना संतपद दिले. हे बाणावलीत जन्मलेले कोकणी धर्मगुरू. डचांनी कॅथलिकांवर बंदी घातली होती तेव्हा १६८७ मध्ये भिकाऱ्याच्या वेशात बेटावर उतरले आणि १७११ मध्ये कँडीला वारले. आणि याच मैदानाच्या टोकाला, अध्यक्षांच्या सचिवालयासमोर, एप्रिल २०२२ मध्ये तंबूंचे गाव उभे राहिले. इंधन नाही, औषधे नाहीत, वीज नाही. जुलैत अध्यक्ष देश सोडून गेले. वाढपी म्हणाला, “तेव्हा पाहुणे कमी होते. सुट्टी झाली की आम्ही पलीकडे जाऊन बसायचो.” उत्तरेकडे आता २६९ हेक्टरांचा भराव घालून नवे शहर उभे राहते आहे आणि त्या बाजूला जिथे पूर्वी समुद्र होता तिथे जमीन दिसते. हॉटेलचे भाग्य एवढे की त्याचे तोंड अजून या सगळ्याकडे आहे.

आमच्या वाड्याचे नकाशे मी सोबत नेले होते. शेवटच्या रात्री ते पुन्हा उलगडले. चौकात कारंजे. माजघरात मालिशगृह. पावसाचे पाणी साठवणाऱ्या टाक्यावर काचेची जमीन आणि आतून दिवे. देवघराच्या जागी पाहुण्यांचे सामान ठेवण्याची खोली. ओसरी, जिथे गल्लीतला कोणीही येऊन झोपाळ्यावर टेकत असे, ती भिंत घालून बंद. एवढेही मी कदाचित गिळले असते. घर पडून माती होण्यापेक्षा कोणाच्या तरी वापरात राहणे बरे, हे दादाचे म्हणणे खोटे नाही. छपराची दुरुस्ती अकरांपैकी एकालाही झेपणारी नाही. पण दिवाणखान्यात पागोटी घातलेल्या सरदारांची चार मोठी तैलचित्रे दाखवली आहेत. आमच्या घराण्यात सरदार कोणी झाला नाही. पणजोबा हुजूर कचेरीत कारकून होते. वाडा त्यांनी पगारातून, थोड्या कर्जातून आणि पणजीच्या पाटल्या मोडून बांधला. ही विकत आणलेली पागोटी कोणाची?

परत येऊन दादाला भेटले. ओसरी उघडी राहील, देवघर देवघर राहील आणि सरदार भिंतीवर चढणार नाहीत, एवढे करारात लिहून आले तर सही करीन, असे सांगितले. तो चिडला नाही; बराच वेळ गप्प राहून म्हणाला, “मग भिंतीवर लावायचं काय? कारकुनाचं चित्र बघायला कोण पैसे देईल?”

पणजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या दादाच्याच कपाटात आहेत, लाल कापडात बांधलेल्या, मोडीत. लहानपणी वडिलांनी एकदा वाचून दाखवल्या होत्या : सुतार, गवंडी, पाणक्या, स्वयंपाकीण, दिवे लावणारा, नाव आणि नावापुढे रुपये-आणे. मला मोडी अडखळत येते, दादाला अजिबात नाही. व्यावसायिकाने उत्तराला महिन्याची मुदत मागितली आहे. येत्या रविवारी दादाने फोन न करता घरीच यावे आणि वह्या घेऊन यावे, असे ठरले आहे.