हर्णै ते बाणकोट



कोकणात कोणत्या वाटेने जावे, अशी आपण पृच्छा केली होती. माझे आग्रहाचे सांगणे असे की, महामार्ग सोडून दापोलीहून समुद्राची बाजू धरावी. कारण मुरुडच्या माडापोफळींच्या आगरांतून निघून हर्णै, आंजर्ले, केळशी, वेळास करीत जो रस्ता बाणकोटास सावित्री नदीच्या मुखाशी पोहोचतो, त्यावर सृष्टीची शोभा आणि माणसाचे कष्ट एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

हर्णैस दिवस कलता पोहोचावे. समोर भर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे. 1755 साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तो मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख तुळाजी आंग्रे यांच्याकडून घेतला आणि त्या विजयाने मराठ्यांचेच आरमार दुबळे झाले, याचा विषाद तटाकडे पाहताना आजही वाटतो. त्या आरमारावर चढलेले कोळी-भंडारी ज्या दर्यावर वाढले, त्याच दर्यावर आजचे तांडेल आणि खलाशी पोट भरतात. त्यांच्या नौकांतून उतरलेली पापलेट, सुरमई, कोळंबी वाळूवर मांडली जाते, लिलाव पुकारला जातो, आणि कित्येक रात्रींच्या जागरणाचे मोल घटकाभरात ठरून जाते. 1 जून ते 31 जुलै हा माशांच्या प्रजननाचा व तुफानाचा काळ, म्हणून सरकारी हुकमाने यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. ते दोन महिने पाड्यांवर जाळी विणण्यात आणि होड्यांच्या डागडुजीत जातात.

वेळास हे नाना फडणवीसांचे गाव. येथे हिवाळ्यात समुद्री कासवांच्या माद्या रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालतात. पूर्वी ती चोरीस जात. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांना हाताशी धरून अंड्यांचे रक्षण आरंभिले, आणि आज पिले समुद्राकडे जाताना पाहण्यास लांबून लोक येतात, त्यांच्या राबत्याने गावातील घरांना चार पैसे मिळतात.

बाणकोटाजवळ वेसवीस फेरीबोटीत गाडी चढवून सावित्री ओलांडली, की रत्नागिरी जिल्हा संपून रायगड लागतो.

आपण अवश्य जावे. मात्र एक कळकळीची विनंती आहे: मोटार पुळणीवर उतरवू नये. ती वाळू कोळ्यांचा बाजार आहे आणि कासवांचे सूतिकागृहही. तेथे आपण पाहुणे आहोत, एवढे ध्यानी असावे.