पायांनी उडवायचं विमान

माझं विमान कापडाचं आहे! गेले काही महिने भेटेल त्याला मी हे सांगते आहे, आणि ऐकणाऱ्याच्या भुवया वर गेल्या की मला आणखी चेव येतो. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, पंखांत प्लायवुडच्या फासळ्या आणि वरून पॉलिएस्टरचं कापड. हे कापड खास गोंदाने सांगाड्याला चिकटवायचं आणि मग चक्क घरच्या इस्त्रीने तापवायचं. उष्णता साधारण 175 अंश सेल्सियसपर्यंत नेली की कापड आकसतं, सुरकुत्या नाहीशा होतात आणि टिचकी मारली तर पंख घुमतो. त्यावर संरक्षक थर आणि रंग चढवला की झालं आकाशात जायचं अंग तयार.

साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉलवर पंख दाखवला. तिने आयुष्यभर शिलाई मशीन चालवलं आहे. तिचा पहिलाच प्रश्न: "अगं, शिवण कुठाय याची?" किती नेमका प्रश्न! शिवण नाही आई, कडा एकमेकींवर चढवून चिकटवल्या आहेत आणि वरून पट्ट्या मारल्या आहेत, असं मी सांगितलं. मग तिने मला कॅमेरा पंखाच्या काठाजवळ न्यायला लावला आणि पट्ट्या सरळ बसल्यात का ते स्वतः पाहून घेतलं. तेव्हा मला कळलं, की हे विमान कुणालाही वाचता येतं. त्यात काही झाकलेलं नाही. आणि हेच मला या लेखात ओरडून सांगायचं आहे.

विमानाचं नाव किटफॉक्स, मॉडेल फोर. मी राहते अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, बॉयसी शहराजवळ, आणि हे विमानही इथलंच! डॅन डेनी यांनी बॉयसीच्या परिसरात ते रचलं आणि 1984 मध्ये पहिलं किटफॉक्स उडालं. आजही त्याची किट स्नेक नदीकाठच्या होमडेल या छोट्या गावातून निघतात. दोन माणसं शेजारीशेजारी बसतात. इंजिन 80 अश्वशक्तीचं रोटॅक्स. रिकाम्या विमानाचं वजन साधारण तीनशे किलो. आणि सगळ्यात गोड गोष्ट म्हणजे पंख दुमडतात! खिळी काढून ते मागे शेपटाकडे वळवायचे, विमान ट्रेलरवर चढवायचं आणि गाडीमागे जोडून घरी न्यायचं.

किट म्हणजे खोक्यांतून येणारं विमान. ते बांधतो घरातला माणूस. अमेरिकेच्या कायद्यानुसार अशा विमानाचा अर्ध्याहून मोठा भाग हौशी माणसाने स्वतः घडवलेला आणि जोडलेला असावा लागतो. त्या नियमात हेतूही लिहिला आहे: स्वतःचं शिक्षण किंवा विरंगुळा. सरकारी नियमावलीत शिकणं आणि आनंद या दोन गोष्टी विमान बांधण्याचं रीतसर कारण म्हणून नोंदल्या आहेत, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा जागच्या जागी उठून उभी राहिले.

माझं विमान मी बांधलेलं नाही. ते बांधलं एका आजोबांनी. शेतीची यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली, आणि 1990 च्या दशकात हिवाळ्याच्या संध्याकाळी गॅरेजमध्ये त्यांनी हे काम केलं. आता त्यांना त्या विमानासाठी नवं माणूस हवं होतं. विमान दाखवण्याआधी त्यांनी अल्बम उघडला. प्रत्येक जोडाचा फोटो, खाली तारीख. एका फोटोत कापड चढण्याआधीची उघडी फासळी आहे आणि तिच्यावर त्यांच्या पत्नीने पेन्सिलने केलेली सही. ती सही आजही पंखाच्या पोटात आहे, माझ्या डोक्याच्या थोडीशी वर!

खरेदीआधी एका जाणत्या मेकॅनिकने विमानाची कसून तपासणी केली. मी दिवसभर त्याच्या मागेमागे होते. शेपटाजवळचे वेल्ड भिंगातून पाहायचे, कारण टेलव्हीलचे, म्हणजे शेपटाखालच्या चाकाचे, धक्के तिथे बसतात. चाकांच्या धक्के शोषणाऱ्या भागाचे रबर अजून जिवंत आहेत का ते दाबून बघायचं. इंजिनाच्या रबरी नळ्यांवरची तारीख शोधायची, कारण रोटॅक्सच्या सूचनेप्रमाणे त्या पाच वर्षांनी बदलाव्या लागतात. कार्ब्युरेटरचे तरंगणारे फ्लोट बुडत तर नाहीत ना, ते काढून पाहायचं. लॉगबुकचं प्रत्येक पान वाचायचं. विमान बांधणाऱ्याला त्याच विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचं प्रमाणपत्र मिळू शकतं, पण विमान विकलं म्हणून ते नव्या मालकाकडे जात नाही. त्यामुळे माझ्या विमानाची तपासणी दरवर्षी परवानाधारक मेकॅनिक करणार. मी शेजारी पाना-पक्कड घेऊन उभी असेन, आणि मला त्याचा विलक्षण आनंद आहे.

उड्डाणाआधीचा एक विधी तर माझा लाडका झाला आहे. रोटॅक्सचं तेल इंजिनाखाली साठत नाही, वेगळ्या टाकीत असतं. म्हणून तेलाची पातळी पाहण्याआधी, इग्निशन बंद असल्याची खात्री करून, विमानाच्या नाकावरचा पंखा हाताने हळूहळू फिरवायचा. इंजिनात उरलेलं तेल ढकललं जात टाकीत पोचतं, आणि शेवटी टाकीतून 'गुडूप' असा आवाज येतो. तो आला की मगच पट्टी बुडवून पातळी बघायची. तो आवाज ऐकल्याशिवाय आता माझी सकाळ सुरू होत नाही!

आता शेपटाकडे येऊ या, कारण खरी जादू तिथे आहे.

मी परवाना मिळवला तो नाकाखाली चाक असलेल्या सेस्नावर. सेस्ना 172 हे 1956 मध्ये बाजारात आलेलं विमान म्हणजे शेपटाखाली चाक असलेल्या 170 चं नाकाखाली चाक लावलेलं रूप. त्या एका बदलाने जमिनीवरचं विमान सोपं झालं, आणि लाखो लोक उडायला शिकले. त्याआधीच्या काळात मात्र छोटी विमानं बहुतेक शेपटावरच बसत. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले, ते पस मॉथ विमानही नाक वर आणि शेपूट खाली असंच उभं राहायचं. जुहूवरून शंभरदा गेले असेन, पण ते उतरणं किती कौशल्याचं होतं ते मला आत्ता, आयडाहोत, समजतं आहे.

फरक वजनाच्या मध्यबिंदूचा आहे. माझ्या विमानात तो मुख्य चाकांच्या मागे असतो. हातगाडी पुढून ओढली की मुकाट मागे येते, मागून ढकलली की जरा तिरकी होताच आणखी तिरकी होऊ पाहते. टेलव्हील विमान धावपट्टीवर कायम ढकललेल्या हातगाडीच्या अवस्थेत असतं. शेपूट किंचित बाजूला सरकलं की मागचं वजन ते आणखी बाहेर फेकतं. वेळेत आवरलं नाही तर विमान स्वतःभोवती गिरकी घेतं. ते आवरायचं पायांनी! डाव्या-उजव्या पेडलने रडर, म्हणजे शेपटाचं सुकाणू, हलतो, आणि रडरने शेपूट. नाकाच्या चाकाच्या विमानात माझे पाय जवळजवळ प्रवासी म्हणून बसायचे. इथे ते कामाला लागले.

माझे शिक्षक पूर्वी शेतांवर फवारणीची विमानं उडवायचे. ती विमानं आजही बहुतेक टेलव्हीलच असतात, कारण कच्च्या पट्टीवर हे चाक टिकतं आणि पुढचा पंखा मातीपासून उंच राहतो. त्यांनी मला सुरुवातीला हवेत नेलंच नाही. इथल्या कॉल्डवेल गावच्या धावपट्टीवर नुसतं टॅक्सी करायचं, म्हणजे विमान जमिनीवरच चालवायचं. नाक वर असल्याने समोरचं नीट दिसत नाही, म्हणून नागमोडी वळणं घेत जायचं. वारा समोरून असेल तर हातातली दांडी, म्हणजे स्टिक, पोटाशी ओढून शेपूट दाबून ठेवायचं. वारा मागून असेल तर स्टिक पुढे, नाहीतर वारा शेपटाखाली शिरून ते उचलेल. वारा कुठल्या बाजूचा आहे त्याप्रमाणे स्टिक डावी-उजवीकडेही धरायची. म्हणजे विमान जमिनीवर असतानाच उडवायचं! विमान बांधून ठेवणारे दोर सोडल्यापासून ते पुन्हा दोर बांधेपर्यंत उड्डाण चालूच असतं. हे उमगलं तेव्हा मी हेडसेटमध्ये इतकी मोठ्याने ओरडले, की शिक्षक हसायला लागले.

मग थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारी मूठ. पूर्ण पुढे ढकलताच नाक डावीकडे पळतं. पंख्याने मागे फेकलेली हवा गोल फिरत येऊन शेपटाच्या डाव्या अंगावर आदळते. शेपूट खाली असताना पंख्याचं खाली येणारं पातं वर जाणाऱ्यापेक्षा जास्त खेचतं. आणि शेपूट उचलताना फिरता पंखा गायरोस्कोपचा नियम पाळून नाकाला पुन्हा डावीकडे वळवतो. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलं अख्खं प्रकरण, काही सेकंदांत, उजव्या तळपायाखाली! या गोष्टी मी परीक्षेसाठी पाठ केल्या होत्या. आता त्या मला तळव्याला जाणवतात.

हवेतही पाय मोकळे नाहीत. किटफॉक्सच्या पंखांमागे उचल वाढवणारे फ्लॅप आणि विमान कलवणारे एलेरॉन असे वेगळे भाग नसतात, एकच लांब फ्लॅपेरॉन दोन्ही कामं करतो. नुसती स्टिक डावीकडे नेली तर विमान डावीकडे कलतं, पण नाक आधी उजवीकडे हटतं. स्टिकबरोबर रडर दिला की वळण एकदम गुळगुळीत होतं. खाली विल्डरजवळचे हॉप्सचे मळे, बीट आणि कांद्याची शेतं, पलीकडे ओवायहीचे डोंगर, आणि सगळं एका तालात फिरतं आहे!

उतरणं दोन प्रकारचं. एकात तिन्ही चाकं एकदम टेकवायची. धावपट्टीच्या वितभर वर आल्यावर विमानाला खाली बसूच द्यायचं नाही; स्टिक मागे, अजून मागे, अजून मागे. वेग ताशी 65 किलोमीटरच्या आसपास आला की उचल संपते, आणि विमान आपण होऊन तिन्ही पायांवर बसतं. दुसऱ्या प्रकारात थोडा वेग ठेवून फक्त पुढची चाकं टेकवायची आणि त्याच क्षणी स्टिक किंचित पुढे द्यायची, म्हणजे विमान उसळत नाही आणि शेपूट सावकाश खाली येतं. नजर दूर, धावपट्टीच्या टोकाला. आडवा वारा असेल तर वाऱ्याकडचं चाक आधी. मन साशंक झालं तर थ्रॉटल पुढे आणि पुन्हा वर. साधं आणि आडव्या वाऱ्यातलं उड्डाण-अवतरण, पुढच्या चाकांवरचं अवतरण आणि अर्ध्यातून पुन्हा वर जाणं, हे सगळं जमल्यावर शिक्षक लॉगबुकात टेलव्हीलची नोंद करून सही देतात. नवी परीक्षा नाही, नवा परवाना नाही. एका जाणत्या माणसाची सही. मला ती मिळाली आहे!

ती मिळण्याआधीच्या एका सकाळी मला जाणवलं, की शेपूट सरकण्याआधीच माझा पाय हललेला असतो. मी ठरवत नव्हते, पाय ठरवत होते. पोहायला येऊ लागतं त्या दिवशी जे होतं ते मला चाळिशीनंतर पुन्हा मिळालं. शरीर नवं काहीतरी शिकू शकतं, हे त्या सकाळी मला पुराव्यासकट कळलं.

आपल्याकडे, भारतात, घरी विमान बांधण्याचं वेड नाही असं कुणी म्हणू नये. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीला, चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते मुंबईत लोकांनी पाहिलं, आणि 2017 मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली. तेव्हा ती बातमी मी कौतुकाने वाचली होती. आज एकेका रिव्हेटमागचा तास मला दिसतो, आणि मी त्या माणसाला मनापासून नमस्कार करते.

म्हणून अमेरिकेतल्या मराठी आईबाबांना माझं कळकळीचं सांगणं आहे. घरी विमान बांधणाऱ्यांची ईएए ही संघटना 1953 पासून चालू आहे, आणि ऑशकॉशला दर उन्हाळ्यात तिचा भव्य मेळा भरतो. तिचे वैमानिक 1992 पासून आठ ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना पहिली विमानफेरी फुकट घडवतात. जवळच्या छोट्या विमानतळावर शनिवारी सकाळी जा. हँगरची दारं उघडी असतात, आतली माणसं बोलायला उत्सुक असतात. पोरांना कापडावर टिचकी मारू द्या, फासळ्या मोजू द्या, नळ्या कुठून कुठे जातात ते विचारू द्या. आणि स्वतःसाठीही एक धडा मागून घ्या, टेलव्हीलच्या विमानातच. तुमचे पाय काय काय शिकू शकतात याची तुम्हाला अजून कल्पना नाही!