सोफा, सतरंजी आणि माईक

परिसंवाद म्हटलं की आमच्या पिढीला आधी सतरंजी आठवते. लाल-निळ्या पट्ट्यांची, कडेला उसवलेली. गणेशोत्सवापासून स्नेहसंमेलनापर्यंत सगळीकडे तीच. विद्यार्थी सतरंजीवर, प्राध्यापक घडीच्या लोखंडी खुर्च्यांवर आणि अगदी पुढे प्राचार्यांच्या खोलीतून चौघांनी उचलून आणलेला सोफा. सोफ्यावर कोण बसणार हे पत्रिका छापायच्या आधीच ठरलेलं असे. एखादे राइस मिलवाले, एखादे जुन्या मालगुजार घराण्यातले, एखादे पुढारी. विषय असायचा ‘जातिव्यवस्था आणि आजचा तरुण’. 1984 च्या सुमारास मी गोंदियात शिकत होतो. विषय आणि सोफा यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असं तेव्हा कुणी मोठ्याने म्हटल्याचं मला आठवत नाही.

मी बिरसीचा. गोंदियापासून दहा-बारा किलोमीटरवर, कामठ्याच्या बाजूला. कामठा म्हणजे जुन्या जमीनदारीचं ठिकाण. 1951 मध्ये मालगुजारी कायद्याने गेली आणि तलाव तेवढे ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नावाने उरले. कागदावरची सत्ता गेली तरी बैठकीतली जागा जायला वेळ लागतो. आमच्या लहानपणी ‘पाटील आले’ म्हटलं की खाटेवरचा माणूस उठून उभा राही. आमच्या घरी धानाच्या बांध्या होत्या, त्यामुळे आमच्याही अंगणात उठून उभं राहणारे होते. कॉलेजात गेल्यावर सतरंजीवर बसलो खरा, पण पुढून तिसऱ्या-चौथ्या ओळीत. ढिवरटोलीतला माझा मित्र सायकलवर माझ्या बरोबरीने येई आणि सभागृहात शिरला की आपोआप दाराजवळ जाऊन बसे. त्याला तिथे बसवलं कुणी? कुणीच नाही. गंमत तीच आहे.

तेव्हाच्या परिसंवादाची वेळ घड्याळावर नसे, गाडीवर असे. अर्जुनी-वडसाकडून येणारी छोटी लाईन तेव्हा नॅरोगेज होती. ती उशिरा आली की अर्धे श्रोते उशिरा, मग वक्त्यांना चहाची दुसरी फेरी. जुलै-ऑगस्टात कुणी कार्यक्रम ठेवत नसे. रोवणीच्या दिवसांत वर्गच ओस पडत, आणि ओस कोणाचे पडत हेही पाहण्यासारखं होतं. ज्यांच्या घरी मजूर लावता येत ती मुलं वर्गात असत. जी मुलं स्वतःच चिखलात उभी असत, ती पंधरवड्याने उगवत, हाजिरीचा दंड भरत.

भाषेचं तर विचारूच नका. व्यासपीठावर पुण्या-नागपूरचं मराठी किंवा ठणठणीत हिंदी. आमच्या झाडी बोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ यांना फारसा थारा नाही, ‘पाणी’ म्हणायला गेलं तरी ‘पानी’च निघतं. मित्र एकदाच उभा राहिला होता. वक्ते जमीनसुधारणेवर छान बोलले होते. हा म्हणाला, “सर, तुमी म्हनता थे बराबर हाये, पन बांधी कोनाच्या नावानं हाये थे सांगा ना.” हशा पिकला. हशा प्रश्नाला नव्हता, ‘पन’ आणि ‘थे’ला होता. वक्त्यांनीही हसून घेतलं. त्यानंतर पदवी घेईपर्यंत तो सभागृहात बोलला नाही.

पण त्या सतरंजीवर उष्णताही होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा प्रश्न तेव्हा धगधगत होता. 1978 च्या दंगली ताज्या होत्या. 1979 च्या नोव्हेंबरात प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्याबरोबर दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे निघालेल्या लाँग मार्चमधली माणसं आमच्या ओळखीपाळखीतली होती. ‘नामांतर’ हा शब्द व्यासपीठावरून उच्चारला की सतरंजीचे दोन भाग पडत आणि वाद सभागृहातून निघून सायकल स्टँडवर, तिथून चहाच्या टपरीवर, तिथून रात्रीच्या वसतिगृहात जाई. कुणाकडे प्रमाणपत्र नव्हतं, कुणाला गुण मिळणार नव्हते. माणसं भांडत होती, कारण त्यांना खरोखर वाटत होतं. ते नामांतर (वा नामविस्तार, कुणाच्या बाजूने सांगता त्यावर) 14 जानेवारी 1994 ला झालं, तोवर आमची पिढी संसाराला लागली होती.

आणि तरीही एक गोष्ट आमच्या त्या तापलेल्या सभागृहात मी कधी ऐकली नाही. 1954 मध्ये भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक झाली. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच होता, वेगळा झाला 1 मे 1999 ला. त्या पोटनिवडणुकीत डॉ. आंबेडकर स्वतः उभे होते आणि पडले. निवडून आले काँग्रेसचे भाऊराव बोरकर. घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचा अध्यक्ष आपल्या जिल्ह्याने पाडला, यापेक्षा सामाजिक सत्तेवरचा मोठा धडा कुठला? पण पुढचा सोफा भरलेला असताना तो धडा कोण काढणार!

सत्ता म्हणजे काय हे आम्ही परिसंवादात नव्हे, कॉलेजच्या निवडणुकीत शिकलो. वर्गप्रतिनिधी, मग विद्यापीठ प्रतिनिधी. मतं मोजकी, त्यामुळे प्रत्येक मताला भाव. मतदारांना जीपमध्ये घालून दोन दिवस कुठेतरी नेऊन ठेवायचे प्रकार तेव्हा ऐकायला मिळत. कोणत्या समाजाची किती मुलं, हे उमेदवाराला बोटांवर पाठ. मुली मत द्यायच्या, उभ्या क्वचितच राहायच्या. 1989 मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, गदारोळ झाला आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद झाल्या. 2016 च्या कायद्यात त्या परत आल्या, पण कायद्याच्या पुस्तकातच. आजच्या मुलांना सत्तेवरची व्याख्यानं भरपूर मिळतात. एक मतपेटी काही मिळत नाही. गुंडगिरी गेली हे चांगलंच, पण तिच्याबरोबर हरण्याची तालीमही गेली.

आता विषयांची नावं बदलली आहेत. ‘सामाजिक सत्ता, विशेषाधिकार आणि समावेशन’ अशा थाटाच्या चर्चासत्राला परवा मी जाऊन बसलो. सतरंजी नाही. पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्या, पडद्यावर सरकणारी पानं, गळ्यात ओळखपत्र, जाताना मोबाइलवर काळा-पांढरा चौकोन टिपून अभिप्राय द्यायचा. नोंदणी शुल्क भरलं की पिशवी, पेन, वही आणि प्रमाणपत्र. चर्चासत्रांची ही लाट का आली तेही ठाऊक आहे. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅक 1994 ला आली, आणि 2010 च्या यूजीसी नियमांनी प्राध्यापकांची बढती गुणांकावर आणली. शोधनिबंध वाचला की गुण, म्हणून मग गल्लोगल्ली राष्ट्रीय चर्चासत्रं. एका दुपारी पंचवीस निबंध, प्रत्येकाला पाच मिनिटं आणि शेवटी जेवणाची घोषणा. यात ज्ञान किती वाढलं हा प्रश्न विचारू नये. विचारायला वेळही ठेवलेला नसतो.

एका वक्त्याने पेगी मॅकिंटॉश या अमेरिकी बाईंचं नाव घेतलं. गोऱ्या माणसाला न मागता मिळणाऱ्या सवलतींची यादी त्यांनी 1980 च्या दशकाअखेरीस केली होती. यादी उत्तम आहे. पण जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये शिक्षणावरच्या हंटर कमिशनपुढे हेच मांडलं होतं: सारा भरतो शेतकरी, आणि त्या पैशातून उच्च शिक्षण मिळतं वरच्या वर्गांना. त्याआधी नऊ वर्षं, ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका त्यांनी गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या माणसांना लिहिली होती. देवाणघेवाण जुनी आहे, आम्हीच पावती हरवून बसलो.

आमच्या भागात हा हिशेब सरळही नाही. 1990 मध्ये मंडल आयोग लागू करायची घोषणा झाली आणि पुढे गावात बांध्या राखून असलेली कितीतरी पोवार, लोधी, कुणबी घरं ‘इतर मागास’ ठरली. ते खोटं नव्हतं. मुंबईच्या मंत्रालयात आणि नागपूरच्या विद्यापीठात आमची मुलं शोधावीच लागत. पण त्याच घराच्या अंगणात उठून उभा राहणारा माणूसही खोटा नव्हता. गावात पुढच्या ओळीत आणि शहरात दाराजवळ, अशी दोन्ही आसनं एकाच माणसाची असतात. सरकणाऱ्या पानांवर हे बसत नाही. तिथे एक शिडी काढलेली असते, वर एक जण, खाली एक जण.

बदललं ते खुर्च्यांमध्ये. परवाच्या व्यासपीठावर एक सरपंच बाई होत्या. पंचायतीत निम्म्या जागा बायकांना 2011 पासून मिळाल्या, त्याचं हे फळ. सूत्रसंचालन करणारी मुलगी झाडीचा हेल न लपवता बोलत होती आणि कुणी हसत नव्हतं. मित्राला मी म्हटलं होतं, चल, जुने दिवस आठवू. तो म्हणाला, “तुले आठवतेत, म्हनून तुले बरे वाटतेत.” तो आला नाही. त्याने मुलीला पाठवलं, नोंदणीचे पैसे देऊन.

प्रश्नोत्तरांना दहा मिनिटं होती. मित्राच्या मुलीने बिरसीच्या विमानतळाचा विषय काढला. ती धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली. आम्ही तिच्यावर सायकल शिकलो, गुरं तिच्या कडेने चरत. पुढे ती विमानतळ प्राधिकरणाकडे गेली, वैमानिकांची शाळा आली, 2022 च्या मार्चमध्ये प्रवासी विमानही उतरलं. कुंपण वाढलं, घरं हलवायची वेळ आली, पुनर्वसनासाठी लोक वर्षानुवर्षं फिरले. तिचा प्रश्न होता, मोबदला सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याला मिळतो. ज्यांचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नव्हतं, पण जगणं त्याच जमिनीवर होतं, ढोरं राखणारे, दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करणारे, त्यांना या समावेशनात कुठे बसवायचं? आणि लाखो रुपये भरून वर उडायला शिकणाऱ्यांत बिरसीची मुलं किती?

वक्ते म्हणाले, छान प्रश्न आहे, आणि दुसऱ्या हाताकडे वळले. मुलगी बसली नाही. तिने माईकही परत दिला नाही. सूत्रसंचालिकेने घड्याळाकडे पाहिलं आणि हातातला कागद खाली ठेवला. जेवण अर्धा तास उशिरा सुरू झालं. पंगतीत मी पाहिलं, वक्ते ताट बाजूला सारून वहीत लिहून घेत होते, आणि ती त्यांना एकेका टोलीचं नाव सांगत होती.