कामाच्या मापाचें उपकरण

शास्त्रग्रंथाच्या आरंभीं चार गोष्टी स्पष्ट कराव्या, असा प्राचीन पंडितांचा दंडक आहे: ग्रंथाचा अधिकारी कोण, विषय कोणता, त्या दोहोंचा ग्रंथाशीं संबंध काय आणि प्रयोजन काय. यांसच अनुबंधचतुष्टय म्हणतात. आमच्या गुरुजींनीं हें चतुष्टय आमच्याकडून घोकून घेतलें होतें. गेल्या वर्षीं घरांत एक लॅपटॉप घेतेवेळीं त्याचा असा कांहीं उपयोग झाला कीं, ती हकीकत वाचकांपुढें ठेवावीशी वाटते.

आमचें कुटुंब एकत्र आहे. आम्ही दोघे भाऊ, मुलें, सुना व नातवंडें मिळून अकरा माणसें एका चुलीवर जेवतों, आणि मोठा खर्च सर्वांच्या विचारानें होतो. आमची धाकटी सून सिव्हिल इंजिनियर असून पुलांच्या व उंच इमारतींच्या सांगाड्यांचें गणित करणें हा तिचा व्यवसाय. मूल झाल्यावर तीन वर्षें तिनें घरीं काढलीं. नंतर तिला पुन्हां काम मिळालें. परंतु तें स्वतःच्या यंत्रावर करावयाचें, आठवड्यांतून दोन दिवस कचेरींत व मधून मधून बांधकामाच्या जागीं जाऊन. त्यासाठीं तिनें सुचविलेलें यंत्र ‘मोबाइल वर्कस्टेशन’ या जातीचें होतें आणि त्याची किंमत साध्या लॅपटॉपच्या चौपटीहून अधिक होती.

आमच्या वडील बंधूंनीं सरळ विचारलें, “नातवाचा लॅपटॉप पन्नास हजारांत आला आणि त्यावर सर्व कांहीं चालतें, मग सूनबाईंसाठींच हा हत्ती कां?” प्रश्न गैर नव्हता. परंतु त्याच्या पोटांत आणखी एक प्रश्न होता, तो कोणीं बोलून दाखविला नाहीं. सूनबाईंच्या मुद्रेवर मात्र त्याची छाया पडली. हीच मागणी मुलानें केली असती, तर एवढी चिकित्सा झाली असती काय?

तेव्हां किंमत क्षणभर बाजूस ठेवून आम्हीं चतुष्टय हातीं घेतलें. अधिकारी कोण, हें ठरविण्यास वेळ लागला नाहीं. ज्याचें काम त्यालाच त्याचें माप ठाऊक. आम्हीं सूनबाईंस म्हटलें, “तूं दिवसभर काय करतेस, तें आधीं सांग, यंत्राचें मागाहून पाहूं.”

तिनें विषय सांगितला तो असा. पूल संगणकांत मांडतांना त्याचे हजारों लहान भाग कल्पावे लागतात, आणि भार पडल्यावर प्रत्येक भाग किती वांकेल याचीं समीकरणें एकत्र सोडवावीं लागतात. तीं सर्व रॅममध्यें मावलीं तर उत्तर लवकर मिळतें. न मावलीं तर यंत्र तीं एसएसडीवर ठेवीत व पुन्हां काढीत बसतें, आणि मिनिटांचें काम तासांवर जातें. फळा लहान पडला म्हणजे अर्धें गणित पुसून वहींत उतरवावें लागतें आणि मग शिक्षकाची जी त्रेधा उडते, ती आम्हीं जन्मभर अनुभविली आहे. त्यामुळें ही गोष्ट आम्हांस तात्काळ पटली. सूनबाईंनीं कचेरींतील यंत्रावर आपलें सर्वांत मोठें काम चालवून पाहिलें होतें. त्यांत 40 गीगाबाइटपर्यंत रॅम व्यापली गेली. म्हणून 32 अपुरी, 64 पुरेशी आणि 128 तूर्त अनावश्यक, हा तिचा हिशेब होता.

आतां संबंध, म्हणजे कोणत्या कामाशीं यंत्राच्या कोणत्या अंगाचा. आकृति मांडण्याचें काम बव्हंशीं प्रोसेसरच्या एकाच कोअरच्या वेगावर चालतें. समीकरणें सोडवितांना अनेक कोअर उपयोगी पडतात. आणि पुलाचें त्रिमितीय चित्र फिरवून दाखवितांना ग्राफिक्स कार्डाची कसोटी लागते. येथें नातवानें शंका काढली कीं, खेळांसाठीं निघणाऱ्या लॅपटॉपांतहि हेंच सामर्थ्य असतें आणि ते स्वस्त पडतात. शंका खरी होती, व सूनबाईंनीं ती मान्यहि केली. पुष्कळांस तसा लॅपटॉप पुरतो. वर्कस्टेशनांत अधिक मिळतें तें असें: अभियांत्रिकी सॉफ्टवेअरच्या कर्त्यांनीं त्या ग्राफिक्स कार्डावर आपलें सॉफ्टवेअर तपासून प्रमाणित केलेलें असतें, मोठ्या यंत्रांत रॅम वाढविण्यास जागा असते, आणि दुरुस्तीची सोय बहुधा चांगली असते.

केवळ नांवावर भुलूं नये, असेंहि तिनें सांगितलें. एकाच नांवाचें ग्राफिक्स कार्ड एका लॅपटॉपांत अधिक वॅटवर चालतें, दुसऱ्यांत कमी वॅटवर. त्यामुळें नांव एक पण वेग निराळा. यंत्र फार पातळ असलें तर उष्णता बाहेर पडण्यास वाव राहत नाहीं, आणि प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ आपली गति उतरवितो. पहिल्या मिनिटाचा वेग पाहूं नये, अर्ध्या तासानंतरचा पाहावा. विमानांत विशेष परवानगीशिवाय नेतां येणारी बॅटरी 100 वॅट-तासांपर्यंतची असल्यामुळें मोठ्या लॅपटॉपांतहि ती सहसा त्या मर्यादेंतच ठेवतात. एवढ्या बॅटरीवर जड गणित फार वेळ चालत नाहीं. यंत्राचें वजन तीन किलोंच्या आसपास, चार्जरचें निराळें. त्याच पैशांत मेजावरचा संगणक अधिक बलवान मिळाला असता. पण तो बांधकामाच्या जागीं कोण नेणार?

राहिलें प्रयोजन. हें यंत्र निदान पांच वर्षें चालावें, ही अपेक्षा. त्यावरून निवडीचा नियम निघाला: जें मागाहून बदलतां येत नाहीं त्यावर आज पैसे घालावे, जें वाढवितां येतें तें उद्यांवर ठेवावें. अशा लॅपटॉपांत प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड सामान्यतः मदरबोर्डावर कायमचे जडविलेले असतात. म्हणून ते प्रथम. पातळ यंत्रांत पुष्कळदां रॅमहि जडविलेली असते, म्हणून रॅमचे चार स्लॉट असलेलें यंत्र पसंत करून दोहोंत 64 गीगाबाइट घातली, दोन मोकळे ठेवले. एसएसडी एक टेराबाइटची, दुसरीस जागा राखून. थिंकपॅड पी, झेडबुक आणि 2025 पासून ‘डेल प्रो मॅक्स’ या नांवानें येणारी पूर्वीची प्रिसिजन, या तिन्ही मालिका तिनें ताडून पाहिल्या.

स्मृतींतील लहानसा बिघाड आपोआप ओळखून दुरुस्त करणारी ‘ईसीसी’ रॅम मिळते. मात्र प्रोसेसर व मदरबोर्ड या दोहोंस ती मान्य असावी लागते. ती सूनबाईंनीं वगळली. बंधूंनीं कारण विचारलें. ती म्हणाली, “काका, तसा बिघाड विरळा होतो. आणि यंत्राचें प्रत्येक मुख्य उत्तर मी हातच्या गणितानें पडताळून पाहतेंच. ती रक्कम मी तीन वर्षांच्या घरपोंच दुरुस्तीच्या हमींत घातली आहे. यंत्र बंद पडलें तर माझें काम बंद पडेल.”

बंधूंचा जन्म बँकेंत जमाखर्च ताडण्यांत गेला. ‘पडताळा’ हा शब्द ऐकतांच त्यांची मुद्रा पालटली. अर्धी रक्कम आपण पगारांतून फेडूं, असें सूनबाई म्हणूं लागल्या, तों ते म्हणाले, “कमाई जर घरांत यावयाची, तर हत्यारहि घरानेंच द्यावें.” आणि यादीवर त्यांनीं सही केली.

आतां पहाटे त्या यंत्राच्या पंख्याचा घरघराट ऐकूं येतो. बाहेरगांवच्या एका पादचारी पुलाचें गणित त्यावर पुरें झालें. सुशिक्षित घरांत असले प्रसंग वरचेवर येणार. त्या वेळीं किंमतीचा प्रश्न अवश्य विचारावा, परंतु तो शेवटीं; आधीं काम विचारावें, आणि जो काम करणार त्याला विचारावें. मागणारा मुलगा असो वा सून, प्रश्न तेच असावे आणि त्याच क्रमानें असावे, एवढेंच आमचें सांगणें आहे.