फिकटलेली पट्टी

सांगलीच्या हळद बाजारात ज्यांचे आयुष्य गेले, असे एक आजोबा फेब्रुवारीत मुलाकडे सिडनीला गेले होते. तेथे ते उन्हाळ्याचे दिवस. नात नुकतीच अकरावीत गेली होती आणि तिने ‘इन्व्हेस्टिगेटिंग सायन्स’ हा विषय घेतला होता. न्यू साउथ वेल्स राज्यात २०१८ साली अकरावीला सुरू झालेल्या या अभ्यासक्रमात प्रयोग ही धड्याची पुरवणी नसते. सारे शिक्षणच प्रयोगांभोवती रचलेले असते. एखादा प्रश्न घेऊन त्याचा सखोल शोध घेण्यासाठी वर्षाला किमान ३० तास राखून ठेवलेले असतात.

नातीने प्रश्न घरातलाच निवडला : हळदीचा रंग कशाने उडतो? आजोबांचे उत्तर तयार होते. “उष्णतेने. म्हणून तर हरिपूरच्या पेवांत, जमिनीखालच्या थंडाव्यात आपण हळद ठेवत आलो.”

तिने एकाच सुती कापडाच्या दहा पट्ट्या हळदीच्या पाण्यात रंगवल्या. पाच उघड्या उन्हात ठेवल्या. पाच काळ्या कागदात गुंडाळून त्यांच्या शेजारीच ठेवल्या. काळा कागद ऊन शोषून अधिक तापतो. तेव्हा उष्णताच कारण असेल, तर झाकलेल्या पट्ट्या आधी फिकट व्हायला हव्या होत्या. चार दिवसांनी उघड्या पाचही पांढुरक्या झाल्या. झाकलेल्यांपैकी चार पिवळ्याधमक राहिल्या. पाचवी मात्र फिकटली होती.

अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. “हिची नोंद बाकीच्या चौघींसारखीच केली, तर कोणाला कळणार आहे?” ती पुटपुटली.

आजोबा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बाळ, रोजमेळ लिहिताना शिल्लक जुळली नाही, तर आम्ही आकडा बदलत नसू. फरक तसाच मांडायचा आणि तो कुठून आला ते शोधायचे. एकदा खोटी नोंद झाली, की मागची सगळी वही संशयात जाते.”

नातीने पट्टी पुन्हा उजेडात धरली. ती सबंध फिकटली नव्हती. एकाच कडेचा रंग गेला होता. कागदाची घडीही नेमकी त्याच बाजूला उकललेली होती. एकाच पुडीत, सारख्याच उष्णतेत, जेथे प्रकाश पोहोचला तेवढाच रंग उडाला होता. जी नोंद ती दडवणार होती, तीच सर्वांत बोलका पुरावा ठरली.

अहवालात तिने पाचही नोंदी जशाच्या तशा लिहिल्या. आजोबांनी तो शांतपणे ऐकला आणि हसून म्हणाले, “म्हणजे पेवातल्या थंडाव्याने नव्हे, अंधाराने आमचा रंग राखला. हळद बरोबर ठेवली, कारण मात्र जन्मभर चुकीचे सांगितले.”

वयाच्या त्या टप्प्यावर आपल्या वहीतली चूक आपणच दुरुस्त करणे सोपे नसते. नात ते पाहत होती. तिच्या त्या ३० तासांतला सर्वांत मोलाचा धडा कदाचित हाच असावा.